यशवंतसागराच्या अलीकडचं एक मिनिट: प्रशिक्षण उड्डाणातल्या हुकलेल्या टकरीचं प्रकरण

शिकाऊ विमानांची हवेतली टक्कर म्हटलं की लोकांना रात्र, वादळ, ढग आठवतात. अशा टकरी बहुतांशी दिवसाउजेडी, चांगल्या हवेत, विमानतळापासून चार-पाच नॉटिकल मैलांच्या आत होतात. कारण साधं आहे. शिकाऊ विमानं त्याच वेळी आणि त्याच जागी उडत असतात.

पुढचा प्रसंग वर्गात शिकवण्यासाठी जुळवलेला आहे. त्यातली माणसं आणि विमानं कुठल्या एका खऱ्या दिवसाची नाहीत. इंदूरच्या आसपासच्या जागा, अंतरं, सूर्याची दिशा आणि वेगाचं गणित मात्र खरं आहे. नकाशा आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तर ताडून बघता येईल.

जागा आणि वेळ

देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहराच्या पश्चिमेला, बिजासन टेकडीजवळ आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० फूट. धावपट्टी एकच, ०७-२५ (दोन टोकांच्या दिशा, ७० आणि २५० अंश), आणि प्रवासी जेट असो की दोन सीटचं सेसना, सगळ्यांची तीच. वायव्येला गेलं की माळव्याची सपाट काळी जमीन लागते. जानेवारीत तिथे गहू-हरभऱ्याचे हिरवे तुकडे एकाला एक लागून असतात आणि वरून पाहणाऱ्याला एक शेत दुसऱ्यापासून ओळखू येत नाही. नजरेला धरायला ठळक खूण म्हणजे पाणी, आणि त्या बाजूचं मोठं पाणी म्हणजे गंभीर नदीवरचा यशवंतसागर. विमानतळापासून तो साधारण १४ किलोमीटर, म्हणजे साडेसात नॉटिकल मैल. त्याच ओळीत, अलीकडे साधारण १० किलोमीटरवर, हातोद. पलीकडे देपालपूर.

वेळ जानेवारीच्या मध्यातली, सकाळी साडेआठची. वारा जवळजवळ शांत, धावपट्टी २५ वापरात. दृश्यता ५,००० मीटर, म्हणजे व्हीएफआर (बाहेर नजर ठेवून करायच्या) उड्डाणाच्या किमान अटीला जेमतेम टेकलेली. या वेळी इंदूरला सूर्य उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने १२२ अंशांवर आणि क्षितिजापासून फक्त १६ अंश वर असतो. हे दोन आकडे लक्षात ठेवा, कारण यशवंतसागराकडून विमानतळाकडे येणाऱ्या विमानाचं हेडिंग, म्हणजे नाकाची दिशा, साधारण १२८ असतं.

दोन विमानं

परतणारं विमान सेसना १७२. डाव्या सीटवर शिकाऊ मुलगी, उजवीकडे प्रशिक्षक. देपालपूरच्या बाजूला स्टॉल (पंखांची उचल तुटते ती स्थिती) आणि स्टीप टर्नचा सराव उरकून ३,५०० फुटांवर सरळ घराकडे, वेग १०० नॉट (ताशी नॉटिकल मैल).

निघालेलं विमान सेसना १५२. एकटा शिकाऊ मुलगा, सोलो, जमेस साधारण ४० तास. स्टॉलच्या सरावासाठी ५,००० फुटांवर जायचंय. क्लबचा स्थानिक नियम असा: जाणाऱ्याने यशवंतसागर ३,००० फुटांवर ओलांडायचा, येणाऱ्याने ३,५०० वर, आणि तलाव मागे पडल्यावरच पुढची चढाई. पाचशे फुटांचं अंतर, कागदावर अगदी व्यवस्थित.

हातोदपर्यंत तो २,८०० वर होता. तिथून त्याने चढाई सुरू केली आणि ३,००० ला थांबलाच नाही. पुढे ५,००० वर जायचंच आहे, मग मध्ये दोन मिनिटांसाठी नाक खाली करा, पॉवर कमी करा, ट्रिम फिरवा, परत सगळं उलटं करा, हा उपद्व्याप कशाला? स्लॉट एक तासाचा. कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात, त्यातले १०० पायलट-इन-कमांड म्हणून, आणि प्रत्येक तासाचे पैसे घरून येतात. असं कुणी म्हणून दाखवत नाही, पण थ्रॉटलवरचा हात ते ओळखून असतो.

साठ सेकंद

१५२ चा चढाईतला जमिनीवरचा वेग साधारण ७० नॉट, चढाई मिनिटाला ५०० फूट. समोरून १७२, १०० नॉट. एकमेकांकडे येण्याचा वेग १७० नॉट, म्हणजे सेकंदाला साधारण ८७ मीटर.

१५२ ने ३,००० फूट ओलांडले त्या क्षणी दोघांतलं अंतर सव्वापाच किलोमीटर होतं. उरलेले ५०० फूट चढायला एक मिनिट, आणि सव्वापाच किलोमीटर संपायलाही एकच मिनिट. गणित असं जुळलं की वाईट वाटतं.

टॉवरने १५२ ला आधीच सांगितलं होतं: "ट्रॅफिक, सेसना इनबाउंड फ्रॉम देपालपूर, थ्री थाउजंड फाइव्ह हंड्रेड, रिपोर्ट इन साइट." उत्तर आलं, "कॉपीड." १७२ मधल्या दोघांनी हे ऐकलं आणि त्यांच्या मनात चित्र तयार झालं: तो ३,००० ला आहे, आपण ३,५०० ला, तो खालून जाईल. नंतर मुलीने तलावाजवळ आल्याचा कॉल दिला, नेमकं तेव्हाच एका प्रवासी विमानानेही बटण दाबलं. टॉवरला आणि १५२ ला ऐकू आली ती नुसती शिट्टी. तिने कॉल पुन्हा दिला नाही.

प्रशिक्षकाला समोरचं काही दिसत नव्हतं आणि ते त्याला खटकत होतं. तो म्हणाला, "अगं, जरा डावं-उजवं करून नाकाखालचं दाखव." तिने "हो सर" म्हणून उजवीकडे २० अंश कल दिला. त्याच वेळी त्याने हात वर करून तळहाताने सूर्य झाकला. तळहाताच्या खालच्या कडेशी, धुरकट शेतांवर, एक काळी आडवी रेघ होती. "आय हॅव कंट्रोल." उजवीकडेच, ४५ अंशांच्या कलापर्यंत.

अंतर तेव्हा साधारण ६०० मीटर होतं. दोन्ही विमानं अंदाजे दीडशे मीटरवरून, जवळजवळ एकाच उंचीवर, एकमेकांना ओलांडून गेली. १५२ मधल्या मुलाला काहीच दिसलं नाही. आपल्या बाजूने कोण गेलं हे त्याला खाली उतरल्यावर कळलं.

नाकाआड

अशा प्रसंगानंतर सूचनाफलकावर "लुकआउट वाढवा" असं लिहिलं जातं. चूक नाही, पण या प्रकरणात त्याने फारसं काही बदललं नसतं. एकाने डोळे फाडून पाहिलं असतं तरी समोरचं विमान दिसणार नव्हतं. का, ते थोडं खोलात बघू.

शेवटच्या मिनिटात दोघांतलं आडवं अंतर सव्वापाच किलोमीटरवरून शून्यावर येत होतं आणि उभं अंतर ५०० फुटांवरून शून्यावर. दोन्ही एकाच प्रमाणात घटत होती. म्हणून १५२ मधून पाहिलं तर १७२ क्षितिजाच्या १.७ अंश वर होतं: ६० व्या सेकंदालाही, ३० व्यालाही, पाचव्यालाही. जागा बदलतच नव्हती. टक्कर होणार असेल तर समोरचं विमान काचेवर एकाच ठिकाणी चिकटून राहतं आणि फक्त मोठं होत जातं. बाजूने जाणारं विमान काचेवर सरकतं. आपला डोळा कडेच्या नजरेने हालचाल पकडण्यात तरबेज आहे, म्हणजे ज्याच्याशी टक्कर होणार नाही ते आधी दिसतं.

आता १५२ चढाईत आहे. ६७ नॉटच्या उत्तम चढाई वेगाला नाक आठ-दहा अंश वर असतं. सरळ उड्डाणात काउलिंगची, म्हणजे इंजिनाच्या झाकणाची, वरची कड डोळ्यांना क्षितिजाच्या पाचेक अंश खाली दिसते; चढाईत तीच क्षितिजाच्या तीन-चार अंश वर जाते. सीट खाली ठेवून बसणाऱ्याला आणखी वर. समोरचं विमान १.७ अंशावर. म्हणजे पूर्ण मिनिटभर १७२ त्याच्या काउलिंगच्या आड होतं. सूर्य त्याच्या पाठीशी, येणारं विमान उन्हात न्हालेलं, दिसायला याहून चांगली स्थिती कुठली? पण मध्ये इंजिनाचं झाकण.

१७२ च्या बाजूने उलट. नाक सपाट, त्यामुळे १५२ काउलिंगच्या वर दिसायला हवं होतं. पण सूर्य नाकापासून जेमतेम सहा अंश डावीकडे, धुकट हवा, आणि समोरच्या काचेवर वर्षानुवर्षं फडक्याने पुसून पडलेले बारीक ओरखडे. प्रत्येक ओरखडा उन्हात पेटतो. हवामान अहवालातली ५,००० मीटर दृश्यता सूर्याकडे तोंड करून मोजलेली नसते. उन्हाच्या दिशेने तीच हवा निम्मीही दाखवत नाही. तळहाताने सूर्य झाकताच काचेवरची झळाळी मेली आणि रेघ दिसली. ही युक्ती फुकट आहे, कुठल्याही पुस्तकी यादीपेक्षा उपयोगी आहे, आणि फार कमी जणांना सवयीने करताना बघायला मिळतं.

समोरचं विमान दिसतं तरी केवढं? हात लांब करा, डोळ्यापासून साधारण ६० सेंटिमीटर. १५२ च्या पंखांची लांबी १०.२ मीटर. एक मिनिट आधी, सव्वापाच किलोमीटरवर, ते पंख हाताच्या अंतरावर १.२ मिलिमीटर दिसतात, खसखशीच्या दाण्याएवढे. तीस सेकंद आधी सव्वादोन मिलिमीटर. बारा सेकंद आधी तुरीच्या डाळीएवढे. सात सेकंद आधी एक सेंटिमीटर, पोह्याच्या पाकळीएवढे, आणि प्रशिक्षकाने पाहिलं ते एवढंच. साडेतीन सेकंद आधी रुपयाच्या नाण्याएवढे. शेवटच्या सेकंदाला सात सेंटिमीटर. म्हणजे पाऊण मिनिट जवळपास काहीच वाढत नाही आणि मग अचानक काच भरून जाते. ही सगळी मापं पंखांच्या लांबीची. समोरून पंखाची जाडी केसाएवढी आणि मध्ये धडाचा एक ठिपका. मेलेली माशी काचेवर असेल तर ती कित्येक पट ठळक दिसते. उड्डाणाआधी काच पाण्याने धुवून मऊ कापडाने, एकाच दिशेने पुसायची ती याचसाठी. कोरड्या फडक्याने गोल गोल घासायची नाही.

दिसल्यावरही वेळ लागतो. अमेरिकेच्या एफएएने (विमान वाहतूक नियामकाने) दिलेला हिशेब वर्गावर्गात शिकवला जातो: वस्तू नजरेला पडायला ०.१ सेकंद, विमान आहे हे ओळखायला १, आपल्यावर येतंय हे उमगायला ५, काय करायचं ते ठरवायला ४, हात हलायला ०.४ आणि विमानाने ऐकायला २. एकूण साडेबारा सेकंद. या वेगाला साडेबारा सेकंद म्हणजे १,१०० मीटर. प्रशिक्षकाकडे सातही नव्हते. तो वाचला ते दोन कारणांनी: कल आधीच उजवीकडे दिलेला होता, आणि समोरासमोर आलं की उजवीकडे वळायचं हे त्याला ठरवावं लागलं नाही, ते हातात होतं. मधले चार-पाच सेकंद तिथे वाचले.

तीनशे मीटरवर दिसलं असतं तर? साडेतीन सेकंद, त्यातले हाताचे आणि विमानाचे मिळून २.४ गेले. उरलेल्या एका सेकंदात ४५ अंशांच्या कलाने विमान जेमतेम पाच मीटर बाजूला सरकतं. अर्ध्या पंखाएवढं.

उजवीकडेच का, डावीकडे मोकळं दिसत असलं तर? समोरच्यानेही शेवटच्या क्षणी पाहिलं तर तो उजवीकडे जाईल. तुम्ही डावीकडे गेलात तर दोघं पुन्हा एकमेकांवर.

काय चुकलं आणि काय नुसतं सापडलं

डीब्रीफिंगमध्ये पहिली गोष्ट सापडली ती अशी की १७२ च्या आल्टिमीटरवर (उंचीमापकावर) तासाभरापूर्वीचं क्यूएनएच (त्यात लावायचा हवेचा दाब) होतं, १०१६, आणि चालू होतं १०१७. चूक सापडल्याचा सगळ्यांना केवढा आनंद! एक हेक्टोपास्कल म्हणजे २८ फूट. या प्रकरणात त्याचा काडीचा संबंध नाही. असं काही हाती लागलं की चौकशी तिथेच थांबते, म्हणून मुद्दाम सांगतो. अर्थात सवय वाईटच आहे: तीन-चार हेक्टोपास्कलचा फरक दोघांनी विरुद्ध बाजूंना केला आणि प्रत्येकी शंभर फुटांची चालढकल धरली तर पाचशेचे दोनशेसुद्धा उरत नाहीत. उपाय: निघण्यापूर्वी उभ्या विमानात क्यूएनएच लावून आल्टिमीटर १,८५० च्या आसपास दाखवतो का ते बघणं आणि परतीच्या पहिल्या कॉलला नवं क्यूएनएच मागून लावणं.

खरं चुकलं ते ३,००० ला न थांबणं. पण त्यालाही नियमाचाच हातभार होता. चढायला निघालेल्या विमानाला चढाईच्या मध्ये, काही उपयोग दिसत नसताना, दोन मिनिटं सपाट करायला लावणारा नियम शिकाऊ मुलगा एकटा असताना पाळेल ही अपेक्षाच भाबडी. वर, जाणारा आणि येणारा दोघांना एकाच पाण्यावरून, एकाच रेषेत पाठवायचं आणि त्यांच्यामध्ये फक्त एका माणसाची आठवण ठेवायची.

"कॉपीड" हा शब्द वेगळा काढून बघायला हवा. ट्रॅफिकची माहिती मिळाल्यावर उत्तरं ठरलेली आहेत. दिसलं तर "ट्रॅफिक इन साइट". शोधतोय तर "लुकिंग आउट". शोधून दिसलं नाही तर "निगेटिव्ह कॉन्टॅक्ट". "कॉपीड"चा अर्थ एवढाच की कानावर पडलं. ऐकणाऱ्या तिघांना मात्र त्यातून निरोप मिळाला की सगळं ठीक आहे. "निगेटिव्ह कॉन्टॅक्ट" म्हटलं असतं तर टॉवरने उंची विचारली असती, आणि "पासिंग थ्री थाउजंड वन हंड्रेड" या उत्तरानेच दोन्ही कॉकपिटमध्ये माना वर झाल्या असत्या. सोलोवरच्या मुलाला "दिसत नाही" म्हणायला लाज वाटते. ही लाज ब्रीफिंगच्या टेबलावर, चहाबरोबर मोडायची असते. हवेत मोडत नाही.

टॉवरकडून काय मिळणार याविषयीही गैरसमज आहे. क्लास डी या वर्गाच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात दोन व्हीएफआर विमानांना टॉवर एकमेकांची माहिती देतो, त्यांच्यात अंतर राखून देत नाही. टॉवरशी बोलतोय म्हणजे कुणीतरी सांभाळतंय, असं अनेक शिकाऊंना सोलोनंतरही वाटत राहतं.

यंत्रं किती कामाची

१२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदीचं ७४७ आणि कझाकस्तानचं आयएल-७६ एकमेकांवर आदळून ३४९ माणसं गेली, आणि त्यानंतर भारतात मोठ्या विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. १५२ आणि १७२ मध्ये ती नसते. त्यांच्यातला ट्रान्सपॉन्डर दुसऱ्याच्या यंत्राला उत्तर देतो. दोन शिकाऊ विमानांना एकमेकांचं काही सांगत नाही. तरीही तो एएलटीवरच (उंचीही पाठवणाऱ्या स्थितीवर) हवा, कारण त्याच धावपट्टीला येणाऱ्या प्रवासी विमानाची यंत्रणा तुमची उंची कळली तरच वैमानिकाला वर किंवा खाली जायला सांगू शकते. उंची नसेल तर फक्त "ट्रॅफिक" म्हणून ओरडते. बटण ऑनवर राहिलंय आणि एएलटीवर गेलंच नाही, असं नेहमी सापडतं.

टॅब्लेटवर एडीएस-बी (विमानांनी स्वतः पाठवलेली आपली जागा) दाखवणारी साधनं चांगली आहेत, पण एक धोका घेऊन येतात: मान खाली. ज्याच्याकडे सिग्नल पाठवणारं उपकरण नाही तो पडद्यावर दिसणारच नाही, आणि पडदा कोरा म्हणजे आकाश कोरं असा भास होतो. रेडिओचंही तसंच. ८ जुलै २०२५ ला कॅनडात मॅनिटोबातल्या स्टाइनबाखजवळ दोन शिकाऊ वैमानिकांची सेसना विमानं धावपट्टीजवळ आदळून दोघंही गेले, त्यातला एक केरळचा. रेडिओ दोन्ही विमानांत होते.

काय बदलायचं

वाटेपासून सुरुवात. तलाव दोघांनीही डाव्या हाताला ठेवायचा. वायव्येला जाणारा मग तलावाच्या ईशान्येकडून जातो आणि येणारा नैऋत्येकडून. काठापासून निदान एक नॉटिकल मैल राखला तर तलावाची रुंदी आणि दोन मैल मध्ये पडतात. वैमानिक डावीकडे बसतो, त्यामुळे खूणही त्याला आपल्या खिडकीतून दिसत राहते. पाण्याच्या डोक्यावरून कुणीच जायचं नाही. उंचीचा नियम राहू दे, पण आता तो एकटा नाही.

चढाई: सर्किटबाहेर (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेऱ्याबाहेर) पडल्यावर ६७ ऐवजी ८० नॉट. चढाईचा दर घटतो, तक्रारी येतील, पण नाक तीन-चार अंश खाली येतं आणि क्षितिज परत दिसतं. शिवाय दर ५०० फुटांना नाक डावीकडे-उजवीकडे १५-२० अंश वळवून मधली पट्टी मोकळी करून बघायची. सीट इतकी वर की डोळे आणि छतात चार बोटं राहतील. गादी लागली तर लावा. उंचीने लहान असलेल्या शिकाऊला गादी मागायला संकोच वाटू नये याची काळजी प्रशिक्षकाने घ्यायची.

नजर: समोरच्या पट्टीचे दहा-दहा अंशांचे तुकडे करून प्रत्येकावर निदान एक सेकंद थांबायचं. नजर सरकत असताना डोळा बारीक वस्तू पकडत नाही. डावीकडून उजवीकडे १२० अंश म्हणजे बारा तुकडे, मग एक झटका पॅनेलवर, मग पुन्हा बाहेर. धुकट, रिकाम्या हवेत डोळा आपोआप मीटर-दोन मीटरवर येऊन स्थिरावतो आणि लांबचं विमान पुसट होतं. म्हणून मध्ये मध्ये जमिनीवरची लांबची ठळक खूण, उदाहरणार्थ हातोदची पाण्याची टाकी किंवा तलावाचा काठ, मुद्दाम बघायची. पुढे छज्जा असलेली टोपी घालून बसलात तर वरचं आकाश गेलंच.

पंखाचं विसरू नका. सेसनाचा पंख वर असतो, त्यामुळे ज्या बाजूला वळायचं ती बाजू वळताना झाकली जाते. आधी तो पंख थोडा उचलून बघायचं, "लेफ्ट क्लीअर" मोठ्याने म्हणायचं, मग वळायचं. स्टॉलच्या आधी ९० अंश एका बाजूला आणि ९० दुसऱ्या बाजूला. मुलं ही दोन वळणं परीक्षकासाठी करतात: नजर टर्न कोऑर्डिनेटरवर (वळण दाखवणाऱ्या उपकरणावर), उंची अगदी अचूक, बाहेर कुणी बघतच नाही. तशी वळणं केली नाहीत तरी चालतील.

उन्हाचा तिढा

एवढं करूनही जानेवारीची सकाळ उरते. देपालपूरहून येणारा साडेआठला सूर्यातच येणार. मग त्याला बेटम्यावरून का आणू नये? हेडिंग साधारण ७७ होतं आणि सूर्य नाकाच्या ४५ अंश उजवीकडे जातो. नजरेसाठी उत्तम. पण बेटमा जवळजवळ धावपट्टीच्याच रेषेत, पश्चिमेला येतं. २५ वरून उठलेलं प्रवासी विमान त्याच बाजूने चढत येतं. म्हणजे उन्हापासून सुटका आणि जेटच्या तोंडावर. टॉवरने त्या वेळेपुरतं मोकळं दिलं तरच ही वाट, एरवी नाही. संध्याकाळी पाचला तर सूर्य २४१ वर असतो आणि बेटम्याकडे जाणारा त्याच्यातच घुसतो, तेव्हा तीही सोय संपते.

राहिला वेळेचा उपाय. साडेनऊपर्यंत सूर्य २७ अंशांवर येतो, व्हायझरच्या आड जातो, आणि धुरकटही बरंच विरलेलं असतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत एकट्या शिकाऊला वायव्येच्या क्षेत्रात साडेनऊनंतरच सोडायचं, आधी फक्त प्रशिक्षकासोबत. यावर आक्षेप येतो तो रास्तच आहे: सकाळची हवा शांत असते, तास तेव्हाच भरतात. त्यावर तोड अशी की साडेनऊच्या आत सोलोवाल्यांनी सर्किट करावीत. सर्किट २,८५० फुटांवर, २५ चं डावं म्हणजे धावपट्टीच्या दक्षिणेला. फायनल (उतरण्याआधीचा सरळ टप्पा) पश्चिमेकडे, म्हणजे सूर्य पाठीशी. डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट्या दिशेच्या टप्प्यात) मात्र हेडिंग ७० आणि सूर्य ५० अंश उजवीकडे, हरकत नाही. बेसवरून (या दोन्हींना जोडणाऱ्या आडव्या टप्प्यावरून) फायनलला वळताना उजवीकडे, लांबच्या फायनलवर, सरळ येणारं कुणी आहे का ते बघावं लागतं, आणि साडेआठला ती दिशा पूर्वेची, म्हणजे सूर्याच्याच बाजूची. तिथे तळहात वर, आणि बेसचा कॉल न चुकता. गर्दी वाढली की पुढचा कुठे आहे हे शिकाऊच्या डोक्यात राहत नाही, त्यामुळे सोलो असतील तोवर सर्किटमध्ये एका वेळी तीनच विमानं. चौथा होल्डिंग पॉइंटवर थांबतो, इंजिन चालू, घड्याळ चालू, बिल चालू.

असा प्रसंग घडला तर अहवाल द्यावाच लागतो. टक्कर टाळण्यासाठी वळावं लागलं असेल तर आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) अॅनेक्स १३ च्या यादीत ती गंभीर घटना धरली जाते. दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांशी बोलण्याआधी, लिहायचं: वेळ, उंची, हेडिंग, सूर्य कुठे, दुसरं विमान पहिल्यांदा किती अंतरावर आणि कुठल्या दिशेला दिसलं. १५२ मधल्या मुलाने शेवटच्या रकान्यात "दिसलं नाही" एवढंच लिहिलं होतं, आणि घाबरून ते खोडून "उशिरा दिसलं" करायला निघाला होता. प्रशिक्षकाने पेन काढून घेतलं. "राहू दे तसंच," तो म्हणाला, "त्याच दोन शब्दांवरून आपण काउलिंगपर्यंत पोचणार आहोत."